मुळाशी काळी सावली

भाईचा गाल सुजला तो नेमका भावकीतल्या सर्वेशची नवी होडी पाण्यात लोटायच्या दिवशी! दुपारच्या भरतीला होडी लोटायची आणि त्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं. देवबागच्या त्यांच्या घराण्यात हा मान भाईचा. त्याने खड्या आवाजात एकेक मागणं मांडावं आणि जमलेल्यांनी दर मागण्याला 'व्हय महाराजा' म्हणावं. भाईचा आवाज असा, की खाडीपलीकडची कुत्रीसुद्धा ओ देत. आज मात्र गालाचं शहाळं झालेलं, आणि चुलतभाऊ गणपत सकाळपासून घसा खाकरत फिरत होता.

"भाई, तुका जमाचा नाय. आज मी घालतंय."

"मी मेल्यावर घाल!" म्हणत भाई रिक्षात बसला आणि थेट मालवणच्या बाजारात डॉक्टर भक्तीच्या दवाखान्यात उतरला.

भक्ती मसुऱ्याची, मुंबईहून शिकून नुकतीच परतलेली. टेबलावर उशीएवढी दोन पुस्तकं: एक दातांच्या एक्स-रेंचं, दुसरं तोंडातल्या नसा आणि स्नायू कसे चालतात त्याचं. तिने भाईच्या खालच्या दाढेचा एक्स-रे काढला, इंजेक्शन टोचलं आणि जबडा बधिर होईपर्यंत एक्स-रे पहिल्या पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघू लागली.

"भाई, त्रास मुळाशी आहे."

भाई खुर्चीत ताठ झाला. "मुळाशी?"

"काळी सावली दिसतेय. आजकालची नाही, फार जुनी."

"अरे देवा महाराजा! आमची मुळां दोन आसत गो बाय!"

"बरोबर, दोनच. पुढचं स्वच्छ आहे. सगळा घोळ मागच्या मुळाशी."

झालं! भाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मूळपुरुषाच्या दोन लेकांची दोन घरं. पुढलं भाईचं, मागलं गणपतचं. मूळपुरुषाला दर वर्षी एक कोंबडा द्यायचा, तो मागल्या घराने. "म्हंजे मागल्या घरान मूळपुरुषाचो कोंबो चुकवल्यान!" भाई ओरडला, आणि गळ्यात दवाखान्याचं फडकं तसंच ठेवून, पुरावा म्हणून एक्स-रेंचं पुस्तक काखोटीला मारून रस्त्यावर पळाला.

"अहो भाई, दाढ!" भक्ती ओरडेपर्यंत रिक्षा तारकर्लीच्या वाटेला लागली होती.

इंजेक्शनने वाटेत आपलं काम चोख केलं. देवबागला होडीपाशी भाई उतरला तेव्हा त्याची जीभ घोंगडीसारखी जड झाली होती आणि अर्धं तोंड खाली लोंबत होतं. "गअप्या!" तो गरजला. "ऊळपुउष! ओंओ उकवलंस!" हनुवटीवरून लाळ गळत होती, डोळे लाल.

"अगो बाय माझे, ह्यांच्या अंगात इला!" भाईची बायको काशीबाई किंचाळली. कुणी नारळ आणला, कुणी कुंकू. भाईने पुस्तक उघडून गणपतच्या नाकासमोर धरलं. पानभर एका अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काळ्यावर पांढरा, दात विचकलेला!

गणपत दोन पावलं मागे सरला. "मूळपुरुष! हसता बघ कसो, आमच्या आज्यासारखो!"

"आज्याचे दात पडलले," काशीबाई म्हणाली.

"मेल्यावर परत येतत!" असं जाहीर करून गणपतने वाळूत लोटांगण घातलं. "चुकलंय रे महाराजा! कोंबो मीच खाल्लंय! सागोती करून! तीनय वर्षां!"

एकच गलका उडाला. अर्धा वाडा कोंबडा पकडायला धावला. तेवढ्यात वाळूत स्कूटर टाकून भक्ती आली, दुसरं पुस्तक छातीशी धरून.

"अहो, मूळ म्हणजे दाढेचं मूळ! सावली म्हणजे पू! आणि अंगात कोणी आलेलं नाही, जिभेची नस झोपलीय. हे चित्र बघा!"

सगळे चित्र बघत राहिले. गणपत अंगाची वाळू झाडत उठला. सगळ्यांत जास्त तोच तापला होता.

"म्हंजे माझो कोंबो फुकट उघडो पडलो? बरा तर! भाईक बोलूक येना नाय. आजपासून मान मागल्या घराचो!"

"कोणय घाला," सर्वेश कळवळला, "पण पाणी ओसराच्या आदी घाला!"

गणपत घसा खाकरतोय तोवर भाईने काशीबाईच्या हातातला नारळ हिसकला, समुद्राकडे तोंड केलं आणि सुरू केलं. "आ एवा म्हाआजा! उओडी आल्यागेल्याक..."

"व्हय महाराजा!"

शब्द एकालाही कळत नव्हता, पण ठेका कुणाचाही चुकत नव्हता. मागणी लांबत गेली, आवाज चढत गेला. शेवटी भाईने तिरक्या डोळ्याने गणपतकडे बघितलं आणि एक भलंमोठं मागणं एका दमात घातलं.

"व्हय महाराजाऽऽ!" सगळ्यांत मोठ्याने गणपतच ओरडला. कोंबड्याची माफी पदरात पाडून घ्यायची होती ना! नारळ फुटला, होडी पाण्यात सुळकन गेली.

भक्ती एकटीच ओठ चावून हसू दाबत उभी होती. बधिर तोंडांचं बोलणं ऐकण्यात तिचा रोजचा दिवस जाई. शेवटचं मागणं तिला अक्षरन् अक्षर कळलं होतं: गाराण्याचो मान पिढ्यान् पिढ्या पुढल्याच घराकडे रवांदे, आणि मागल्या घरान दर वर्साक दोन कोंबे देवचे.

गणपत हळूच तिच्याजवळ सरकला. "शेवटाक काय म्हणालो गो तो?"

पुस्तकावरची वाळू फुंकत भक्ती म्हणाली, "तुमच्या घराची आठवण काढल्यानी, काका."

"माणूस बरो आमचो भाई," गणपत डोळे पुसत म्हणाला.