गाडी न येणारा रस्ता

“दोन महिन्यांत सातपुड्यात अशी वाट शोधून काढतो, की वीस किलोमीटरांत एक मोटार आडवी येणार नाही!” भूपेंद्रने भाकरी मोडता मोडता जाहीर केलं.

“मोटार येणार नाही, पण तुम्ही असाल ना?” चारुलता म्हणाली. “मग काहीतरी आडवं येणारच.”

बायकोच्या बोलण्याकडे लक्ष देणाऱ्यांतला तो नव्हता. भूपेंद्र जळगावच्या एका कॉलेजात भूगोलाच्या प्रयोगशाळेत सहायक. बावीस वर्षं त्याने प्राध्यापकांसाठी नकाशे उलगडले आणि गुंडाळून ठेवले. त्यामुळे कुठलीही वाट दिसली, की ‘ही जाते कुठे?’ हा किडा त्याच्या डोक्यात वळवळायला लागायचा. एकदा धरणगावात एका बोळाचा शेवट बघायला म्हणून शिरला, तो थेट कुणाच्या तरी हळदीच्या मांडवात निघाला. तिथे वरण-बट्टी हाणून, आहेराची टोपी घालून घरी आला!

अशा माणसाने ग्रॅव्हल सायकल घेतली म्हणजे काय होणार? जाड टायरांची, मेंढ्याच्या शिंगांसारखं वाकलेलं हँडल असलेली, खास खडी-मातीवर पळणारी ती सायकल. हायवेला ट्रकांच्या धुरात ती चालवणं म्हणजे रेसच्या घोड्याला घाण्याला जुंपण्यासारखं! म्हणून त्याने चोपड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी खैरपाणी नावाचं खेडं गाठलं. सोबतीला शालिग्रामनाना. वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकसष्टीचे, काटक. शब्द मोजून बोलायचे आणि बोलले तर शंकाच काढायचे.

चार रविवार दोघे भटकले. आणि वाट सापडली! केळीच्या बागांमधून निघालेली गाडवाट, मग नाला, मग सागाचं जंगल, पळसाचा माळ आणि वळसा घेऊन पुन्हा गावात. बावीस किलोमीटर! आवाज म्हणाल तर टायरखाली खडीचा आणि झाडावर कोतवाल पक्ष्याचा. भूपेंद्र दर वळणावर थांबून अंतर मोजायचा, चढ टिपायचा, वहीत नाला काढायचा.

असाच एकदा तो केळीच्या बांधावर टेप धरून उभा असताना बागेतून एक म्हातारी बाहेर आली. झुंबरबाई. हातात विळा, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा.

“काय ढुंढी ऱ्हायनात भाऊ?”

“रस्ता, अक्का!”

“रस्तावरच तं उभा शेतस तुम्ही!”

“तसं नाही. हा पार डोंगरापर्यंत न्यायचाय.”

“मना वावरमाईन?” म्हातारीचा विळा थबकला.

“वावरातूनच तर खरी मजा आहे!” भूपेंद्र खूष होऊन म्हणाला.

आता तुम्हीच सांगा, टेप धरलेल्या अनोळखी माणसाने शेतकऱ्याला असं सांगावं का? पण भूपेंद्र तेव्हा स्वर्गात होता. त्याने ठरवलं, पुढच्या रविवारी आपण दोघं धरून जळगाव-धुळ्याचे अठरा सायकलवाले आणायचे. ते वाट चुकू नयेत म्हणून गुरुवारी रजा टाकून त्याने झाडा-खांबांना लाल फिती बांधल्या. काम पद्धतशीर हवं म्हणून प्रत्येक फितीला पुठ्ठ्याची चिठ्ठी लावली. ‘भू. १’, ‘भू. २’, ‘भू. ३’... अशा चाळीस. भू म्हणजे भूपेंद्र. स्वतः शोधलेल्या वाटेवर माणसाने स्वतःचं अक्षर टाकू नये तर काय करावं?

“नुसते आकडे चालले असते,” शालिग्रामनाना म्हणाले.

“नाना, इतिहास आकड्यांनी नाही, नावाने ओळखतो!”

रविवारी सकाळी सात वाजता अठरा सायकली खैरपाणीच्या फाट्यावर उभ्या राहिल्या. धुळ्याचे एक दातांचे डॉक्टर तर पांढरेशुभ्र बूट घालून आले होते! भूपेंद्रने दगडावर चढून छोटं भाषण ठोकलं. “मित्रहो, डोकं चालवू नका. फक्त लाल फितीवर विश्वास ठेवा!”

भू. १ जागेवर होती. भू. २ जागेवर होती. भू. ३ च्या ऐवजी मात्र भू. ९ लागली.

“नऊ आधी कशी आली हो?” डॉक्टरांनी मागून विचारलं.

“ती... ती उतरती मोजणी आहे,” भूपेंद्र म्हणाला. त्याचं त्यालाच कळेना. आपण इथे बांधली होती? बांधली असेल. पण ती वाटेच्या उजवीकडे होती ना? आणि बाभळीला कधी बांधली? मागे फिरावं, तर सतरा जण आपल्या शब्दावर येताहेत! आणि खरं सांगायचं तर किडा वळवळलाच. ही फीत नेते तरी कुठे?

फीत नेत होती केळीच्या बागेत. ठिबकच्या नळ्यांवरून अठरा सायकली टुणूकटुणूक गेल्या. पुढे भू. १४, कापसाच्या पऱ्हाट्यांच्या ढिगावर! तिथून भू. ६, चिखलाच्या पाटापलीकडे. डॉक्टरांचा एक बूट पाटात गेला आणि मोजा तेवढा वर आला.

“भूपेंद्र,” शालिग्रामनाना सायकल खांद्यावर घेऊन म्हणाले, “चार रविवारांत आपण गोठ्यातून गेल्याचं मला आठवत नाही.”

कारण ते तेव्हा एका गोठ्यातून चालले होते. म्हैस त्यांच्याकडे अशी बघत होती, जसा बँकेतला शिपाई जेवणाच्या सुट्टीत आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघतो.

गोठ्यातून बाहेर पडले, तो समोर माणसांचा मेळा! अख्खं गाव एका अंगणात जमलेलं. चार ट्रॅक्टर आणि दहा-बारा मोटारसायकली उभ्या. ज्या शिवारात महिनाभर चिटपाखरू दिसलं नव्हतं, तिथे जत्रा भरलेली! आणि अंगणाच्या कडेला एका संडासाला दारापासून टाकीपर्यंत लाल फिती गुंडाळलेल्या. भू. ११, भू. २३, भू. ३१, भू. ४०... नवरदेवाच्या घोड्यालाही कुणी एवढं सजवत नाही!

तेवढ्यात संडासाचं दार उघडलं. आतून हातात डबा घेतलेला घरमालक बाहेर आला. तोताराम, गावाचा माजी सरपंच. समोर हेल्मेट घातलेली अठरा माणसं रांगेत उभी!

“या! उनात ना साहेब लोक!” तोताराम कडाडला. “बठ्ठा गाव सोडीसन सरकारले मना संडासच दिखना का?”

“सरकार? कुठलं सरकार?” भूपेंद्र चाचरला.

“मंग हाई ‘भू’ काय शे? आमले वाचता येस! भू म्हनजे भूसंपादन!”

भूपेंद्रच्या हातून सायकल सुटली. सगळा प्रकार त्याच्या डोक्यात उलगडला. शुक्रवारी गावाने फिती पाहिल्या. डोंगरापर्यंत मोठा रस्ता होणार, फीत तिथे जमीन जाणार, अशी बातमी फुटली. मग ज्याच्या बांधावर फीत, त्याने ती उचलून शेजाऱ्याच्या बांधावर नेली. शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याच्या. असं करत करत बहुतेक फिती अशा माणसाच्या दारी पोचल्या, ज्याच्यावर अख्ख्या गावाचा राग होता! आणि सरकार आलं तर इथेच येणार, म्हणून सगळं गाव अंगणात जमलं होतं.

“मी येकच हलाडी,” झुंबरबाई पुढे आली. “मना बांधवरथीन काढी नि लोटनना बांधवर बांधी. फक्त येक!”

“मीबी तीच पुढे सरकाडी,” लोटन म्हणाला.

लोक हसले. पण झुंबरबाई हसत नव्हती. पदराचा बोळा मुठीत धरून ती भूपेंद्रसमोर उभी राहिली.

“भाऊ, तीन बिघा केळी शे मनी. दोन दिन व्हयनात, घास गिळाई नही ऱ्हायना. आते खरं सांगा, जाई का मनी जमीन?”

भूपेंद्रने हेल्मेट काढलं. एवढा वेळ डोक्यात वळवळणारा किडा पहिल्यांदाच गप्प बसला. “नाही जाणार अक्का. चुकलं माझं. भू म्हणजे मी. भूपेंद्र. आम्ही नुसते सायकली फिरवायला आलोय. आम्हाला फक्त गाडी न येणारा रस्ता हवा होता.”

मग झुंबरबाईने कपाळावर हात मारला.

“अरे बापरे! त्याकरता इतला दूर उनात? भाऊ, आमना रस्तावर गाडी येवाव म्हनीसन आमी अठरा वरीसथीन अर्ज करी ऱ्हायनूत! मांगला पावसाळामा मनी सून बाळंतपनले खाटवर टाकीसन नेवावनी पाळी उनी. तुम्हना हाऊ मजाना रस्ता!”

डॉक्टर आपल्या एका बुटाकडे बघत राहिले.

“अर्जाचं काय होतं?” शालिग्रामनानांनी विचारलं.

“दरवखत सांगतस, रस्ता नकाशामाच नही शे,” तोताराम म्हणाला.

सगळ्यांच्या नजरा भूपेंद्रच्या वहीकडे वळल्या. त्यात अंतर होतं, चढ होते, नाला होता, पाणी किती चढतं त्याच्या खुणासुद्धा होत्या! बावीस वर्षं दुसऱ्यांचे नकाशे गुंडाळणाऱ्या माणसाने तोतारामच्या ओट्यावर बसून स्वतःचा पहिला नकाशा काढला. खाली अर्ज लिहिला. गावाने सह्या केल्या, अठरा सायकलवाल्यांनीही केल्या. मग झुंबरबाईने सगळ्यांना ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकर आणि ठेचा वाढला. पुढचे वीस किलोमीटर कुणी मागितलेच नाहीत.

वर्षभर खेटे घालावे लागले, पण रस्ता झाला. खोटं कशाला बोलावं? आपली सोन्यासारखी खडी डांबराखाली जाताना बघून भूपेंद्रने तिच्यातले दोन खडे उचलून खिशात टाकले. पण एक दिवस झुंबरबाईचा फोन आला. “भाऊ, गाडी उनी! पयलीच गाडीमा बशीसन डोळास्ना दवाखानामा जाई उनू मी!” त्या दिवशी तो कॉलेजात सगळ्यांना पेढे वाटत सुटला.

पुढच्या हिवाळ्यात त्याने नव्याने शोध सुरू केला. खैरपाणीपासून तीन डोंगर पलीकडे, नकाशावर नसलेली एक सुरेख गाडवाट. साग, शांतता, कोतवाल. गाडीचं नाव नाही! भूपेंद्र हरखून वळणावर वळला, तो वेशीवर दहा-बारा माणसं हार घेऊन उभी.

“खैरपानीना सायकलवाला साहेब तुम्हीच ना?”

“हो, पण मी साहेब नाही, मी नुसता...”

“आमना रस्तावरबी येक दाव सायकल चालाडा ना, भाऊ!”

भूपेंद्रने वळून शालिग्रामनानांकडे पाहिलं. नानांनी पेनाचं टोपण आधीच काढून ठेवलं होतं.