धुडकूनानांचा ट्रॅक

धुडकूनाना पायी चालतानासुद्धा वळणावर कलतात. मारुतीच्या पाराशी गल्ली उजवीकडे वळते, तिथे त्यांचा उजवा खांदा खाली जातो, गुडघा बाहेर येतो आणि हातातल्या तांब्यातलं थोडं दूध रस्त्यावर सांडतं. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात नव्यानं आलेल्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याला कमरेचं दुखणं असावं. दुखणं आहे, पण ते मोटारसायकलचं.

उन्हाळ्यात कपाशीचं रान मोकळं झालं की नाना शेतात चुन्याच्या फक्कीनं रेसचा ट्रॅक आखतात. माझं शेत बांधाला लागून, त्यामुळे निम्मा धुरळा माझ्या भाकरीवर. विहिरीपासून बांधापर्यंत सरळ पट्टा. मग पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगांमधून डावं-उजवं, डावं-उजवं. पुढे उंचवटा, त्याच्यापलीकडचं चढेपर्यंत काही दिसत नाही. आणि सगळ्यात शेवटी 'व्याही'. हे आत शिरल्यावर अरुंद होत जाणाऱ्या त्या वळणाचं नाव.

"दुरथून मोकयं दिसस, मझार गये का आवळत जास," नाना समजावतात. खरे व्याही समोर चहा पीत बसलेले असले तरी समजावतात.

बाकी शिकवण दोनच गोष्टींची. ब्रेक वळणाआधी मारायचा, वळणात नाही. आणि दुसरी, "नजर जठे, गाडी तठे." खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल. हे ते नवरदेवांना अक्षता टाकतानाही सांगतात.

या ट्रॅकवर नानांना हरवलं एकाच माणसानं, त्यांच्या लेकीनं, वंदनानं. आखाजी हा आमच्याकडे लेकींनी माहेरी यायचा सण. वंदना लग्न होऊन सुरतला गेली तरी आखाजीला यायची, पदर खोचून 'व्याही' असा काही मारायची की नाना बांधावर नाचायचे. गेल्या दोन आखाजींना मात्र, "सुट्टी नही, नाना," एवढा फोन आला. यंदा म्हणाली, "देखू."

तेवढ्यावर नानांनी ट्रॅक आखला. आखाजीच्या सकाळी हेल्मेट चढवलं, मला बांधावर उभं केलं आणि निघाले. सरळ पट्टा झाला, पऱ्हाट्या झाल्या, उंचवटा झाला. 'व्याही' आला आणि नाना वळलेच नाहीत. फक्की ओलांडून, बांधावरून उडून थेट माझ्या कांद्याच्या ढिगात.

मी धावत गेलो. हेल्मेटमध्ये कांद्याची पात अडकली होती.

"नाना, लागनं का?"

"नही."

"मंग नजर कोठे व्हती?"

नानांचं तोंड अजूनही स्टेशनच्या रस्त्याकडेच होतं. सुरतची गाडी मघाशीच येऊन गेली होती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"चला नाना, घर चला."

"थांब ना भाऊ." ते कांद्यांवरच नीट बसले. "तू बी देख. दोन जनासनी नजर ऱ्हायनी ते गाडी येईच."

मी चार कांदे बाजूला सारले, त्यांच्याशेजारी बसलो आणि स्टेशनच्या रस्त्याकडे बघू लागलो.