धक्क्यातला वाटा

गावचा धक्का भरतीत वाहून गेला, तेव्हा चंदर नाखव्याला आधी आठवले ते बायकोचे गुडघे. आता ओहोटीला होडी चिखलात रुतणार आणि केसर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गाळ तुडवणार. तिचे गुडघे आधीच कुरकुरत होते, आणि त्यांच्या वतीने ती.

गणराजचा ट्रॉलर मोठा, तुकारामची बोट मधली, चंदरची होडी सर्वांत लहान. गणराज म्हणाला, "नव्या धक्क्याच्या खर्चाचे तीन सारखे वाटे."

होडीला ट्रॉलरएवढा वाटा, हे चंदरला पटेना. त्याने भाच्याला फोन लावला. मितेश मुंबईला विमानतळाच्या हिशेबखात्यात होता.

"मामा, सारखे कशाला? लहान विमानाला आखूड धावपट्टी पुरते, तसा लहान होडीला आखूड धक्का. तेवढ्या तुकड्याचा खर्च सगळ्यांत वाटायचा. पुढचा, खोल पाण्यातला तुकडा ज्यांना लागतो, त्यांनीच भरायचा. याला गेम थिअरी म्हणतात."

"गेम म्हंजे खेळ ना रं? मंग यात हरतो कोन?"

"कुणीच नाही."

चंदरने बैठकीत हे गणित मांडलं आणि त्याच दिवशी पहिल्या तुकड्याचं काम ठेकेदाराला स्वतःच्या नावावर देऊन टाकलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे गुडघे बायकोचे होते.

दगड येऊन पडले आणि गणराज उठला. "शेवटचा तुकडा एकट्या माज्या गळ्यात व्हय? माजी बोट दिघी बंदराला लागंल."

तो गेल्यावर तुकारामने बोटांवर हिशेब केला. "मंग मधला माज्या एकट्याचा. मी बी चाललो."

चंदरने पुन्हा फोन लावला. "पयल्या तुकड्याचे वाटेकरी किती धरायचे?"

"जेवढ्या बोटी लागतात, तेवढे."

"एकच हाय."

मितेशने आकडे पुन्हा मांडून पाहिले. "गणित बरोबर आहे, मामा," तो हळूच म्हणाला.

ठेकेदार रोज येऊन ओट्यावर बसू लागला. अखेर चंदरने होडी विकली. ती ओढून नेली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला; त्याला रडू आवरेना. धक्का मात्र झकास झाला. केसर रिकामी पाटी घेऊन कोरड्या पायांनी त्यावर फिरून आली.

आठवड्याने मितेशचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"मामा, वाट सापडली. ज्याची बोटच नाही, त्याचा वाटा शून्य. तुम्ही होडी विकून टाका."

"इकली," चंदर म्हणाला. "त्याच पैशानं वाटा भरला."