श्रीपतअण्णांची घुबडं

श्रीपतअण्णांना मागून हाक मारू नये. मारलीच, तर थोडा वेळ हाताशी ठेवावा. हाक कानावर पडली की हा माणूस दोन्ही पाय होते तिथेच रोवून उभा राहतो, खांदे हलू देत नाही, आणि फक्त मान मागे वळवायला लागतो. हनुवटी हळूहळू खांद्यापर्यंत येते आणि तिथे अडते. मग डोळे मोठे करून, बुबुळं पार कोपऱ्यात नेऊन ते तुमच्याकडे बघतात आणि म्हणतात, "बघितलं? मला एवढंच येतंय. त्याला पाठीमागचं सगळं दिसतंय."

'त्याला' म्हणजे घुबडाला. श्रीपतअण्णांशी बोलताना हे वेगळं विचारायचं नसतं.

त्यांचं राजाजीनगरात 'मॅचिंग सेंटर' आहे. साडीचे फॉल, अस्तर, ब्लाउजपीस, बटणं. लग्नानंतर मी आणि मानसी पुण्याहून बंगळुरूला आलो तेव्हा पहिलं भाड्याचं घर त्या दुकानाच्या मागच्या गल्लीत होतं. पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा मानसी माझ्या कानाशी म्हणाली, "म्हातारा महाग सांगतोय. चल, दुसरीकडे बघू." परक्या गावात मराठी माणसाला एक मोठी सोय असते, ती म्हणजे कुणाच्याही तोंडावर त्याच्याविषयी बोलता येतं. म्हातारा कापड मोजता मोजता थांबला आणि शांतपणे म्हणाला, "महाग नव्हे अक्का. रंग पक्का आहे. धुवून बघा, गेला तर माझ्या अंगावर आणून टाका."

मानसीला दुकानाच्या पायरीखाली शिरावंसं वाटलं. अण्णांना मात्र काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी दोन स्टुलं पुसून पुढे ठेवली, समोरून कॉफी मागवली आणि काउंटरवर उभ्या असलेल्या बाईंना "स्वल्प थांबा" म्हणून जे आमच्याशी बोलत बसले, ते त्या बाई निघून गेल्या तरी त्यांना कळलं नाही. त्यांच्या घराण्याचं कुणीतरी फार पूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलं. कुठल्या गावाहून, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मराठी मात्र घरात टिकून राहिली होती, मध्ये मध्ये कन्नड मिसळून. "तुमचं मराठी पेपरातल्यासारखं आहे," ते मला म्हणाले. ही तारीफ होती की तक्रार, मला कळलं नाही.

दुकानात लक्ष्मीची तसबीर होती आणि तिच्या शेजारी, तिच्याहून मोठ्या चौकटीत, घुबडाची. पांढराफटक, बदामाच्या आकाराचा चेहरा आणि दोन काळे डोळे. त्याला गव्हाणी घुबड म्हणतात, हे मला तिथेच समजलं. ब्लाउजपीस घ्यायला आलेली बाई दचकून मागे सरकायची, आणि अण्णा त्याचीच वाट बघत असायचे. लोक दगड मारतात, दिवाळीच्या आधी जादूटोण्यासाठी धरून नेतात, जुनी घरं आणि जुनी झाडं गेल्यामुळे त्याला राहायला जागा उरलेली नाही, हे सगळं एका दमात सांगून ते विचारायचे, "आता सांगा, भ्यायचं कुणी कुणाला?" तोवर बाई हिरव्याची कुठली छटा हवी होती ते विसरलेली असायची.

"स्वल्प मान वळवा," हे त्यांचं आवडतं वाक्य. मागच्या फळीवरचा रंग दाखवायचा असला तरी तेच, आणि मी ऑफिसातल्या साहेबाविषयी कुरकुर केली तरी तेच. "एकाच बाजूनं बघताय तुम्ही. स्वल्प मान वळवा." मी वळवली. साहेब त्या बाजूनंही तसाच दिसला.

कन्नडमध्ये घुबडाला गूबे म्हणतात, आणि मूर्ख माणसालाही. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांनी एकमेकांना 'गूबे' म्हटलं की अण्णा दुकान सोडून तिथे जायचे आणि त्या पाखरानं तुमचं काय बिघडवलं, म्हणून विचारायचे. सगळी गल्ली त्यांना गूबेअण्णाच म्हणायला लागली. त्यांना त्याचं काही वाटत नसे. पण गिऱ्हाइकं कमी होत गेली, हे आम्हाला दिसत होतं. दुपारी त्या बाजूनं गेलं तर अण्णा एकटेच काउंटरमागे बसलेले असायचे आणि आम्ही दिसलो की ताडकन उठायचे.

रविवारी ते पक्षिप्रेमी पोरापोरींच्या एका मंडळाबरोबर जात. हे लोक शाळांतून, देवळांतून, अपार्टमेंटांतून फिरून आपल्या भागातल्या कमी होत चाललेल्या पक्ष्यांची माहिती देतात. तळ्यावरचे पाणपक्षी, धनेश, चिमण्या असे लोकांना आवडणारे पक्षी बाकीच्यांनी वाटून घेतलेले. घुबड अण्णांनी मागून घेतलं होतं. माहिती मात्र त्यांची कच्ची. घुबड शंभर वर्षं जगतं, असं ते बेधडक सांगायचे आणि मंडळातली एखादी मुलगी हळूच दुरुस्त करायची. "असू दे की," अण्णा म्हणायचे, "जगू दे."

पुढे माझं ऑफिस व्हाइटफील्डला गेलं आणि आम्हीही तिकडच्या एका मोठ्या सोसायटीत राहायला गेलो. अण्णांशी गाठ कमी झाली. मी फोन करीन म्हणायचो आणि राहून जायचं.

मग आमच्या टॉवरच्या डक्टमधून फुत्कार ऐकू यायला लागले. पाण्याचे पाइप जातात तो इमारतीच्या मधला उंच, अरुंद पोकळीचा भाग. आधी सगळ्यांना साप वाटला. वॉचमननं टॉर्च मारून बघितलं, तर एका कठड्यावर पांढऱ्या लोकरीच्या गुंड्यांसारखी तीन पिल्लं, आणि बाजूला त्यांची आई, चेहरा थेट अण्णांच्या दुकानातला. साप निघाला असता तर लोक एवढे घाबरले नसते. एकाचे वडील आठवडाभर तापानं पडले होते, एकाच्या मुलीचं लग्न ठरत आलेलं मोडलं होतं, आणि आता दोन्हीचं कारण सापडलं. माणूस बोलावून घरटं काढायचं आणि डक्टला जाळी मारायची, असं सेक्रेटरी मल्होत्रांनी सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर केलं. मी त्यांना रविवारपर्यंत थांबायला सांगितलं आणि अण्णांना फोन केला.

रविवारी मेट्रोनं, मॅजेस्टिकला गाडी बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून आणि ती तसबीर जुन्या साडीत गुंडाळून अण्णा आले. क्लबहाउसात वीसेक माणसं जमली होती. अण्णांनी तसबीर टेबलावर उभी केली आणि आपल्या बंगळुरी हिंदीत सुरुवात केली.

"देखो साब, उल्लू बोले तो लक्ष्मी का गाडी. तुम लोग गाडी कू पार्किंग नै देते. फिर लक्ष्मी उतरना किधर?"

पार्किंग हा आमच्या सोसायटीचा सर्वांत हळवा विषय. लोक हसले. अण्णांना हुरूप आला. उल्लू मान कशी फिरवतो ते दाखवतो, म्हणाले, आणि पाय रोवून उभे राहिले. मला ते सवयीचं होतं, म्हणून मी बघतही नव्हतो. पण एवढे लोक समोर बघून अण्णांनी रोजच्यापेक्षा जास्त मान वळवली. कट असा आवाज आला. मान तिथेच राहिली.

"अण्णा?" मी म्हणालो.

"सरी आहे, ठीक आहे," ते मराठीत म्हणाले. "येत नाही परत."

आता मात्र सगळे मोकळेपणानं हसले. दुसऱ्या मजल्यावरच्या फिजिओथेरपिस्ट बाई धावत आल्या. अण्णांना खुर्चीवर बसवून त्या मानेला हळूहळू चोळायला लागल्या. अण्णांचं तोंड भिंतीवरच्या नोटीसबोर्डाकडे. हसणं ओसरतंय तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अंकल, वह सब ठीक है. लेकिन यह जहाँ बैठता है वहाँ मौत होती है. सब बोलते हैं."

नोटीसबोर्डाकडे बघतच अण्णा बोलायला लागले. त्यांची बायको आजारी होती. घरामागच्या माडावर घुबडाची जोडी असायची, ती तिला खिडकीतून दिसायची. रात्री झोप यायची नाही तेव्हा ती त्यांच्याशीच बोलायची. मग तिला हॉस्पिटलात हलवलं आणि ती तिथेच गेली. अण्णा तिला घेऊन घरी आले तर अंगणात दगड पडलेले, आणि माडाखाली एक घुबड मरून पडलेलं. शेजारी म्हणाले, काळजी करू नका, आम्ही बंदोबस्त केला.

"मेरी औरत कू बीमारी लेके गया," अण्णा म्हणाले आणि तसबिरीच्या दिशेनं हात केला. "इनो क्या किया? इनो तो उसका बात सुना."

इतकी वर्षं त्या दुकानात बसून कॉफी प्यालो, पण हे मला माहीत नव्हतं. मी मानसीकडे बघितलं. तिलाही नव्हतं.

मल्होत्रांनी घसा साफ केला. पिल्लं उडेपर्यंत डक्टला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. जाळीचं नंतर बघू. ज्यांचे वडील तापानं पडले होते त्या गृहस्थांनीच अण्णांना मेट्रो स्टेशनपर्यंत गाडीनं सोडलं.

डॉक्टरांनी अण्णांना गळपट्टा दिला. तो बांधून ते दर रविवारी पिल्लं बघायला यायला लागले. गळपट्ट्यामुळे मान वर करता येईना, तेव्हा त्यांनी डक्टच्या तळाशी चटई टाकली आणि उताणे पडून वर बघायला लागले. पहिल्या दिवशी वॉचमन ओरडत आला, म्हातारा पडलाय म्हणून. नंतर सोसायटीतली मुलं त्यांच्या शेजारी रांगेनं पडून वर बघायची. बघून झालं की अण्णा आमच्याकडे येत, चहा पीत, आणि अंधार पडायच्या आत "जाऊन येतो" म्हणून निघत. एवढ्या लांबून, दुखरी मान घेऊन हा माणूस घुबडांसाठी येतो, याचं आम्हाला कौतुक वाटायचं आणि वाईटही.

पिल्लं एकेक करून उडाली. डक्ट रिकामा झाला. मी लगेच फोन करून सांगितलं, "अण्णा, सगळी सुखरूप गेली. आता तुम्हाला एवढी दगदग करायला नको."

"बरं झालं," ते म्हणाले. "चांगलं झालं." आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी दाराची बेल वाजली. अण्णा उभे होते. गळपट्टा नव्हता. हातात मक्याच्या कणसांची पिशवी.

"इकडं एक काम होतं," ते म्हणाले.

काम काय, ते त्यांना पटकन सांगता येईना. व्हाइटफील्डमध्ये त्यांचं काही काम असणं शक्य नव्हतं. मानसीनं पिशवी घेतली आणि चहा टाकला. अण्णा सोफ्याच्या कडेला बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. मग म्हणाले, "एक विचारायचं होतं. फोनवर असलं काय विचारायचं म्हणून आलो. वरण वाढतात ते, लांब दांड्याचं, पुढं वाटीसारखं. त्याला मराठीत काय म्हणतात?"

"पळी?" मी म्हणालो.

"नव्हे."

"डाव," स्वयंपाकघरातून मानसी म्हणाली.

"नव्हे अक्का. आमच्या हिचा वेगळा शब्द होता." ते हातानं आकार दाखवत होते. "परवा हातात घेऊन उभा राहिलो. कन्नडातलं सौटु आलं तोंडात. तिचं आलं नाही. किती आठवलं तरी आलं नाही. दुकानात कन्नड, नाहीतर हिंदी. मुलगा परदेशात, त्याच्या घरी कन्नडच. मराठी म्हणजे आम्ही दोघंच होतो. आता विचारायचं कुणाला?"

माझी आई साताऱ्याला असते, तिला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि वर्णन सांगितलं. आई क्षणभरही थांबली नाही. "ओगराळं," ती म्हणाली. "एवढं माहीत नाही होय रे तुला?"

अण्णांनी डोळे मिटले. "ओगराळं," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, अगदी हळू. "ओगराळं आणा हो इकडं, म्हणायची."

"कोण आहे तिथे?" आईनं विचारलं. मी सांगितलं. तिनं अण्णांना नमस्कार केला, तब्येतीची चौकशी केली, आणि म्हणाली, "बरं मग, ठेवू का आता?"

"ठेवू नका," अण्णा म्हणाले. मग ओशाळले. "म्हणजे, बोला की अजून स्वल्प. काही पण बोला."

एरवी आईचं बोलणं संपवायला मला कारणं शोधावी लागतात. आता तिलाच सुचेना. "काय बोलू, भाऊ," ती म्हणाली, आणि थोडी थांबून, शेजारच्या बाईंनी कारल्याचा वेल आमच्या भिंतीवर कसा सोडलाय, आता कारली कुणाची धरायची, यावरून सकाळपासून काय काय झालं, ते पहिल्यापासून सांगायला लागली. अण्णांनी फोन माझ्या हातातून घेऊन दोन्ही हातांत धरला. मधूनच "हां" म्हणत होते. मानसीनं चहा आणून पुढे ठेवला, तो त्यांनी न बघताच जरा बाजूला सरकवला.