चौथ्या वायरीची रजा

सोमवारी सकाळी नगरपालिकेच्या चौथ्या वायरीने पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारण लिहिले होते, 'अंग सारखे तापते'. अर्ज शिपाई वाघचौरेमामांनी वर घोलपसाहेबांकडे नेला. रोज दुपारी तिला पुठ्ठ्याने वारा घालणारेही तेच.

खालच्या टेबलांचे काम वरच्या मोठ्या संगणकाकडे न्यायला चार वायरी एकत्र बांधल्या होत्या. नियम साधा होता. टेबलाच्या क्रमांकाला वायरींच्या संख्येने भागायचे. बाकी एक उरली तर पहिली वायर, दोन उरली तर दुसरी, काहीच उरले नाही तर शेवटची. आता नगरपालिकेने प्रत्येक टेबलाआधी तीन रिक्त पदांचे क्रमांक राखून ठेवलेले. त्यामुळे टेबले होती चार, आठ, बारा, अशी थेट चाळीसपर्यंत. जन्माचे दाखले, नळाच्या तक्रारी, सगळे चौथीच्या अंगावर. बाकीच्या तिघींना बिनचूक सेवेची प्रशस्तिपत्रे मिळाली होती.

"वायरीला कसली रजा, मामा?" घोलपसाहेब म्हणाले.

"हात लावून बघा साहेब, चटका बसतो. टेबलांचे नंबर तरी बदला."

"आणि उद्या भरती झाली तर माणसं बसवू कुठं?"

"एकोणीस वर्षांत झाली नाही, साहेब."

"म्हणजे आता जवळ आली असणार. रजा शिल्लक आहे तिची?"

"बसवल्यापासूनची सगळी."

साहेबांनी सही केली. मामांनी वायर अलगद गुंडाळून घरी नेली आणि खिडकीशी खुंटीवर ठेवली.

वायरी तीन उरल्या, म्हणून भागायचे तीनने. चाराला बाकी एक, आठाला दोन, बाराला काही नाही. काम तिघींत सारखे वाटले गेले. एका बाईंना दाखला लगेच मिळाला. काहीतरी चुकले असेल म्हणून त्या पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या.

"मामा, ती महाराणी कधी यायची?" पहिली वायर कण्हली. "कंबर गेली आमची."

दहाव्या दिवशी चौथीच्या नावे पत्र निघाले. मामांनी ते उंबऱ्यात उभे राहून एकेक अक्षर लावत वाचले. 'आपण रजेवर गेल्यापासून कामाला वेग आला आहे. सबब, आजवरचा अडथळा आपणच होता. आपली सेवा समाप्त का करू नये, याचा खुलासा करावा.'

"काय म्हणतात, मामा?" खुंटीवरून वायरीने विचारले.

"तब्येत सांभाळ म्हणतात, पोरी."

"आणि कामाचं?"

"घाई नाही म्हणतात."

मामांनी त्या पत्राची घडी घातली आणि त्यानेच ते वायरीला वारा घालू लागले.