चारशें बारा पानें पक्कीं केल्याची हकीकत, मुक्काम सुराबाया बंदर

हुजुरांची आज्ञा जाहली कीं, गेल्या शाबान महिन्यांत सुराबाया बंदरीं जें वर्तमान घडलें तें आदिअंत, पदरचें कांहीं न घालतां, लिहोन ठेवावें. त्यावरून हा कागद लिहावयास घेतला. लिहिणार याच कचेरींत चौदा वर्षें सूचनापुस्तकें लिहीत आहे, जीं कोणी वाचीत नाहीं. सबब या कागदासही तोच मान मिळाल्यास तक्रार नाहीं.

मुलूख जावा बेट. तेथें आसपासच्या बेटांस माणसें नेणारी आणणारी एक नौका-कंपनी, मातबर. तिचे मुख्य कारभारी पाक हार्योतो, उंच, बातिकचे सदऱ्यास सदैव ताजी इस्त्री, आणि कोणताही पेच पडला असतां एकच मसलत देणार कीं मोठें यंत्र घ्यावें. तिकिटांचे वेबसाइटच्या सरदार बु रेत्नो पालुपी, वय बेचाळीस, बांधा लहान, आवाज त्याहून लहान. सर्व्हरचे किल्लेदार मास जातमिको, हातीं अष्टौप्रहर तेम्पेच्या, म्हणजे सोयाबीनच्या वडीच्या, तळलेल्या कापांची पिशवी. पाक, बु, मास हे तिकडील राव, बाई, दादा. ती वेबसाइट जावा नामक भाषेंत लिहिलेली. बेटाचें नांव आणि भाषेचें नांव एकच, याचें परदेशींच्या लोकांस मोठें नवल वाटतें, बेटावरील लोकांस मुळींच नाहीं.

आतां त्या वेबसाइटीचीं पानें चारशें बारा. तीं सर्व्हरांत कच्चीं ठेविलेलीं, म्हणजे नुसता मसुदा. कोणी गिऱ्हाइकानें पान मागितलें म्हणजे सर्व्हरानें मसुदा वाचावा, आणि त्याचें जावा भाषेंत रूपांतर करावें, आणि तें रूपांतर यंत्रास समजेल ऐसें पक्कें करावें, आणि मग पान दाखवावें. एकदां पक्कें जाहलें कीं पुढील गिऱ्हाइकांस तें पापणी लवतां मिळे. परंतु पहिल्यास खोळंबा. आणि वेबसाइटीची नवी आवृत्ती चढविली कीं सर्व्हर केलें सवरलें विसरोन पुन्हा कच्च्यावर येई.

गुदस्तां ईदेचीं तिकिटें सुटावयाचे दिवशींच सकाळीं नवी आवृत्ती चढविली, आणि आठाचे ठोक्यास अकरा हजार रयत एकदम चालोन आली, आणि सर्व्हर शेंकडों पानें एकाच वेळीं पक्कीं करावयास बसला, आणि त्याचा दम कोंडला. रयतेनें बटणें दाबदाबोन हल्ला दुणावला, मग सर्व्हर बेहोष जाहला तो तिसरे प्रहरीं शुद्धीवर आला. मोठी शिकस्त जाहली. परबेटावरील कुमाईच्या एका गवंड्याचें पत्र आलें, तें येणेंप्रमाणें: "तुमचं ते गोल फिरणारं चाक बघत माझा चहा संपला, मग भात संपला, मग तिकिटंच संपली. माझी आई लामोंगानला आहे, मी नाही. चाकाला माझा सलाम सांगा."

यंदा जाकार्ताच्या वरिष्ठांचा खलिता आला कीं, पुन्हा ऐसी नामुष्की जाहल्यास सुराबायाची पागा, म्हणजे वेबसाइटीची मंडळी, मोडोन काम बाहेरच्या मक्तेदारास द्यावें. तेव्हां पाक हार्योतो यांनीं दरबार भरविला आणि फर्माविलें कीं, दुप्पट मोठें यंत्र आणावें. जातमिको यांनीं मान डोलाविली, कारण तोंड भरलेलें होतें. मग बु रेत्नो उठोन म्हणाल्या,

"पाक, यंत्र कितीही मोठं आणा. पाहुणे ताटावर बसल्यावर आपण भात कांडायला घेतो, हे दुखणं आहे. आधीच कांडून ठेवू या."

"म्हणजे काय करायचं?"

"चारशे बाराच्या चारशे बारा पानं इथे कचेरीतच पक्की करायची, आणि पक्कीच सर्व्हरवर चढवायची. त्याला तिकडे नुसतं वाढायचं काम."

"एवढं सोपं होतं तर आधी का नाही केलं?"

"दर वर्षी सांगत होते, पाक. दर वर्षी तुम्ही यंत्र घेत होता."

 मग कारभाऱ्यांनीं सदऱ्याची कॉलर नीट केली आणि मोहिमेस रुकार दिला.

छ, म्हणजे चंद्राची तारीख, ५ शाबान सकाळीं नवास मोहीम सुरू जाहली. बु रेत्नो यांनीं हुकूम टंकिला, आणि पानें एकामागोन एक शरण येऊं लागलीं. मुखपृष्ठ पडलें, वेळापत्रक पडलें, बाल-प्रवाशांचें पान पडलें, विसरलेल्या सामानाचें पान कांहीं कुरकुर करोन पडलें. तीनशें दहा पानें ऐसीं हस्तगत जाहलीं आणि तीनशें अकरावें आडवें आलें. तें घोडे पाठविणारांचें पान होतें. त्यानें एकच धोशा लाविला कीं, 'तुआन', म्हणजे मालक, म्हणोन जो कोणी सांगतां त्यास मी ओळखत नाहीं. आणि एक पान अडलें म्हणजे सर्व मोहीम रद्द, हा त्या यंत्राचा कायदा. मग तीनशें दहा पानेंही गेलीं.

पान उघडोन पाहतां माथ्यावर एकच ओळ सांपडली: "याला हात लावू नये. — सु." ती आज्ञा अकरा वर्षें पाळली गेली होती. दुपारीं रावोनच्या काळ्या रश्शाचे वाडगे पुढें घेऊन मसलत बसली.

जातमिको म्हणाले, "उडवून टाका ना, बु. विसाव्या शतकातला माणूस घोडा नेत असेल बोटीतून. आता कोण नेतंय?"

"गेल्या वर्षी वाइंगापूहून एकेचाळीस घोडे आले. सगळे याच पानावरून."

"एकेचाळीस घोड्यांसाठी अकरा हजार माणसं?"

"घोड्यांबरोबर घोडेवाले पण येतात, मास. आणि त्यांना घरी जायला दुसरं पान नाही."

दोन दिवस वेढा चालला. जातमिकोंनीं 'तुआन' यांस पानाचे आरंभीं हातानें आणोन बसविलें. तों पान आणखी सात अनोळखी मंडळींचीं नांवें घेऊं लागलें. एकास बसवावें तों दोघे उभे राहात. जाकार्ताहून रोज विचारणा येई कीं कोठवर आलें, आणि कारभारी रोज लिहीत कीं घोड्यांवर आलें. तिकडे याचा अर्थ लागेना. बु रेत्नो यांच्या हाताखालीं तिघी होत्या, त्यांत एकीचें लग्न ठरलेलें, आणि पागा मोडल्यास तिघींचीही रोटी जाणार हें बु रेत्नो जाणोन होत्या. तिसरे दिवशीं त्या जेवल्या नाहींत. मग उठोन, दुचाकीस किल्ली देऊन, त्या 'सु' यांचे शोधार्थ जवळच्या सिदोआर्जो गांवाकडे कूच करित्या जाहल्या.

'सु' म्हणजे पाक सुमार्सोनो, कंपनींतून निवृत्त, आतां पेर्कुतुत जातीचे कवडे त्यांच्या गाण्यासाठीं पाळीत असत. अंगणांत उंच खांबास दोरीनें चढविलेला पिंजरा, आणि खालीं वेताच्या खुर्चींत सुमार्सोनो मान वर करोन बसलेले.

"पाक, मी कचेरीतून—"

"श्श! तो आता तोंड उघडणार आहे."

अर्धी घटका दोघें वर पाहात राहिलीं. पक्ष्यानें एकदां घूं म्हटलें आणि पाठ फिरविली.

"गेल्या आठवड्यात सात वेळा बोलला होता," सुमार्सोनो म्हणाले. "तुम्ही आलात म्हणून लाजला. काय काम?"

"घोड्यांचं पान पक्कं होत नाही. 'तुआन' कोण, विचारतंय."

म्हातारा इतका हसला कीं खुर्ची कुरकुरली. "अगं बाई, ते पान नाहीच! तो तुकडा आहे. मालवाहतुकीच्या मोठ्या पानाच्या पोटात घालायचा तुकडा. तुआन त्या मोठ्या पानात राहतो. तुम्ही तुकड्याला एकटं उभं करून विचारताय, तुझा बाप कोण? तो काय सांगणार!"

"मग नाव पानासारखं का दिलंत?"

"शुक्रवार होता, नमाजाला उशीर होत होता. शेवटचं एक अक्षर घालायचं राहिलं."

"एक अक्षर?"

"एक. नावाच्या शेपटीला 'एफ' लावा, म्हणजे यंत्राला कळेल हा तुकडा आहे, आणि ते त्याच्याकडे बघणारच नाही. मोठ्या पानात त्याला हाक मारलीये, तिथेही तेच नाव करा. झालं."

"आणि 'हात लावू नये' असं का लिहिलंत?"

सुमार्सोनो यांनीं पिंजऱ्याची दोरी उगाच आवळली. मग म्हणाले, "ते शेवटचं अक्षर कुणाला दिसू नये म्हणून. लाज वाटायची हो."

ऐसा तह जाहला. बु रेत्नो परतल्या, आणि जातमिकोंनीं हात धुवोन, कापांची पिशवी दूर ठेवोन, दोन जागीं एकेक अक्षर घातलें. मग पुन्हा हल्ला केला. घोड्यांचा तुकडा मोठ्या पानाचे पोटीं गुपचूप शिरला, आणि उरलीं चारशें अकरा पानें चार मिनिटांत शरण आलीं. तीं सर्व एका बोचक्यांत बांधिलीं; त्या बोचक्यास या धंद्यांत 'वॉर' म्हणतात, ज्याचा युद्धाशीं संबंध नाहीं ऐसें जाणकार सांगतात, परंतु बखर लिहिणारास नांव सोयीचें पडलें. तिघी एकमेकींच्या गळां पडल्या. बोचकें सर्व्हरवर चढलें.

छ १४ शाबान, बुधवार, सकाळचे सात वाजोन चाळीस मिनिटें. तिकिटें सुटावयास वीस मिनिटें अवकाश. इतक्यांत पाक हार्योतो धांवत आले कीं, मुखपृष्ठावरील शुभेच्छांची पट्टी निळी आहे, ईदेस हिरवी पाहिजे, वरिष्ठांचा फोन आला. जातमिकोंनीं भिडेस पडोन सर्व्हरवरील मसुद्यांत निळ्याचें हिरवें केलें. पट्टी निळीच राहिली. पुन्हा केलें; निळीच.

"जातमिको, तुला हिरवा रंग माहीत आहे ना?"

बु रेत्नो म्हणाल्या, "त्याचा दोष नाही, पाक. पान आता पक्कं झालंय. मसुदा कितीही रंगवा, सर्व्हर तिकडे बघत नाही."

"मग त्याला बघायला सांगा!"

"त्यासाठी सगळं पुन्हा पक्कं करून पुन्हा चढवावं लागेल. चढवताना काही अडलं तर आठ वाजता दार बंद असेल."

"हा माझा हुकूम आहे, बु रेत्नो."

तेव्हां त्या सर्व्हरच्या पडद्यापुढें येऊन उभ्या राहिल्या. आवाज नेहमींइतकाच लहान होता. "हुकूम लिहून द्या, पाक. सही करा. मग मी करते. पण लोक घरी बोटीनं जाणार आहेत, हिरव्या रंगानं नाही."

कारभाऱ्यांनीं लेखणी काढली. टोपण उघडलें. घड्याळाकडे पाहिलें, तिघींकडे पाहिलें. मग टोपण लाविलें आणि म्हणाले, "समुद्रही निळाच असतो म्हणा," आणि कोपऱ्यांत जाऊन बसले.

आठाचा ठोका पडला. तेरा हजार रयत चालोन आली. पानें मागितलीं तशीं मिळालीं, पहिल्यास आणि शेवटच्यास सारखींच, पापणी लवतां. जातमिको पडद्याकडे टक लावोन बसले आणि कांहींच होईना म्हणोन भ्याले. एकोणीस मिनिटांत तिकिटें सरलीं.

मग पहिला फोन वाजला. तो बु रेत्नो यांनींच घेतला. बालिकपापानहून खानावळींत रांधणारी एक बाई.

"हे तिकीट खरं आहे का हो? दाबलं आणि लगेच आलं. शेजारीण म्हणते इतक्या लवकर येतं ते बनावट."

"नंबर वाचा."

बाईनें एकेक अक्षर वाचलें. बु रेत्नो यांनीं ताडोन पाहिलें. "खरं आहे, बु. खालच्या मजल्यावर, खिडकीजवळ."

पलीकडे मागें भांडीं वाजत होतीं. मग हळूच: "तीन वर्षं झाली हो. मग मी सामान भरू?"

"भरा," बु रेत्नो म्हणाल्या, आणि फोन ठेवोन चष्मा पुसावयास बाहेर गेल्या.

तिसरे प्रहरीं जाकार्ताहून विचारणा आली कीं फत्तेचा पुरावा पाठवावा. पुरावा काय, तर त्या सकाळच्या चुकांची यादी. ती छापिली तों कागद कोरा निघाला. तोच शिक्का मारोन रवाना केला. वरिष्ठांनीं लिहिलें कीं कागद कोरा आला, पुन्हा पाठवावा. पुन्हा पाठविला. तिसऱ्यांदा पाठविला तेव्हां तेथें कोणा सुज्ञास उमज पडली आणि उत्तर आलें: पावला.

सबब दफ्तरीं नोंद करितों ती ऐसी: छ १४ शाबान, बुधवार, सकाळीं आठापासोन आठ वाजोन एकोणीस मिनिटांपर्यंत, सुराबाया मुक्कामीं कांहींएक घडलें नाहीं. साक्षीदार तेरा हजार, आपापल्या घरीं पोंचले.