नरहरपंत आणि आमचं धुराडं

नरहरपंत कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघायचे, मग माणसांकडे. लग्न होऊन मी ग्वाल्हेरला आले तेव्हाची गोष्ट. मी चहाचा कप घेऊन समोर उभी, आणि हे गृहस्थ मान वर करून म्हणतात, "सूनबाई, तुमच्या स्वयंपाकघरात हवा कोंडतेय." नवी नवरी मी! मला वाटलं, माझ्या हातच्या चहालाच नावं ठेवतायत. आत जाऊन सासूबाईंना सांगितलं, तर माई म्हणाल्या, "त्याच्याकडे लक्ष नको देऊस. त्याला माणसं दिसत नाहीत, भिंतीतली भोकं दिसतात."

पाटणकर बाजाराच्या मागे आमची तीन मजली इमारत. तळाला आम्ही, वर दोन बिऱ्हाडं, आणि गच्चीवरच्या एकुलत्या खोलीत नरहरपंत, एकटे. प्रत्येक चुलीचा धूर भिंतीतल्या आपापल्या नळीतून वर जायचा आणि नेमका ह्यांच्या खिडकीसमोर बाहेर पडायचा. दुसरा कुणी असता तर रोज मालकाशी भांडला असता. ह्यांनी ती खोली हट्टानं मागून घेतली होती. आता काय बोलायचं?

पोटापाण्याचा उद्योगही तोच. संस्थानच्या बांधकाम खात्यात सरकारी इमारतींच्या हवादानांची, म्हणजे भिंतीतल्या हवेच्या झरोक्यांची, देखरेख त्यांच्याकडे होती. दप्तरखान्याला आग लागली तर धूर आधी हवादानात शिरतो, हे त्यांच्या डोक्यानं घेतलं. मग काय! जिथे हवादान दिसेल तिथे आत एक दोरी ताणायची, मधे मेणाचा सांधा, दोरीच्या टोकाला वजन आणि वजनाखाली पितळी घंटा. गरम धुरानं मेण वितळलं की वजन पडणार आणि घंटा वाजणार. "धूर खोटं बोलत नाही," असं ते दर दोन वाक्यांमागे म्हणायचे. जणू बाकी सगळे खोटारडे!

पुढे संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, आणि ह्या घंटांचं काय करायचं ते कुणालाच कळेना. खाती एकत्र होत होती. हवादानं म्हणजे इमारती, म्हणून नरहरपंत आधी इमारतींकडे गेले. घंटा म्हणजे बंदोबस्त, म्हणून मग पोलिसांकडे. शेवटी कुणा हुशार साहेबानं हवा म्हणजे बागा असं ठरवून त्यांना माळ्यांच्या हजेरीपटावर चढवलं.  बागेत सही करायची आणि शिडी घेऊन दप्तरखान्यात जायचं, असा त्यांचा क्रम चालू राहिला.

मालकांच्या परवानगीनं त्यांनी आमच्या धुराड्यातही, वर सगळ्या नळ्यांची तोंडं जिथे एकत्र येतात तिथे, घंटा बसवली. नेहमीच्या स्वयंपाकाच्या धुरानं ती वाजणार नाही, असं आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि वर्षभर वाजलीही नाही. पण दिवाळीत आमच्या इमारतीत सगळ्यांची तळणं एकाच सकाळी निघतात, हे काही ह्या ब्रह्मचाऱ्याच्या हिशेबात नव्हतं. कुणाच्या चकल्या, कुणाच्या शंकरपाळ्या, माईंचे अनारसे. एकदम घणाघणा घंटा! जो तो ट्रंका घेऊन रस्त्यावर. समोरचा दुकानदार धावत जाऊन बंबवाल्यांना घेऊन आला.

"माताजी, आग किधर लगी है?"

माई सोवळ्यात, हातात झारा. "आग नहीं रे बाबा, अनारसा है! और हम सोवळे में है, दूर खडे रहो!"

तरी बंबवाला आत शिरायला बघतोय, तर माई दारात आडव्या. "आधी सांग, पानी कौनसे कुएं का है?" सबंध गल्ली हसत होती आणि नरहरपंत मात्र वर बघत म्हणत होते, "वाजली की नाही? वाजली ना?" माईंनी त्या दिवशी त्यांना जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी अनारशांची बशी मात्र गच्चीवर गेली. नेऊन द्यायला मीच गेले होते.

घंटा काढावी लागली, पण खोड कशी जाणार? खिडकीत बसून वास घेता घेता त्यांना साऱ्या इमारतीची बातमी लागायची. जिना उतरताना सहज म्हणायचे, "सूनबाई, वरण लागलं वाटतं आज." नाहीतर, "मधल्या मजल्यावर उपास दिसतोय." बायका चिडायच्या. मी तर एकदा तोंडावर म्हटलं, "काका, नाक घेऊन आत येऊ नका आमच्या." ते हसले. पण सवय गेली नाही.

मग मध्यप्रदेश झाला आणि सगळं भोपाळला चाललं. कचेऱ्या, कपाटं, टेबलं, साहेब आणि साहेबांच्या मागे आमच्यासारख्यांचे नवरे. नई सडकेवर गोणपाट आणि सुतळी महाग झाली. आमचे हे आधी गेले. आता मुलांना घेऊन मी जायचं होतं, आणि माई हटून बसल्या.

"भोपाळात काय आहे? तलाव. मग मी काय तलाव पिऊ?"

"अहो, पण इथे एकट्या राहणार कशा तुम्ही?"

"जशी राहीन तशी. माझ्या देवांना गाडी लागते."

काही केल्या ऐकेनात. मधली बिऱ्हाडंही निघाली होती. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे धरलेले, आणि रिकामी इमारत. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ह्यांच्याशी पत्रांतून भांडून झालं, माईंच्या पाया पडून झालं. नरहरपंतांनाही भोपाळचा हुकूम आलेला, म्हणजे तेही जाणारच. ठरलेल्या दिवसात हजर झाले नाहीत तर नोकरी गेली, असं आमच्या ह्यांनी भोपाळहून कळवलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गच्चीवर गेले. बांधाबांध नाही, काही नाही. आमच्या चुलीची नळी वर जिथे उघडते तिथे नरहरपंत पालथे पडलेले, हात आत. कोपरापर्यंत काजळी.

"काका, आता हे काय? भोपाळला कधी जाताय?"

"भोपाळात धुराडी नाहीत," म्हणाले. "तिथे जाऊन मी काय करू?"

"नोकरी जाईल ना!"

"जाईल." त्यांनी हात बाहेर काढला. आत पत्र्याची एक चक्री बसवली होती. खाली चूल पेटली की गरम हवा वर येते, चक्री फिरते आणि पात्याचं टोक एका खिळ्यावर टकटक वाजतं. खोलीत अंथरुणावरसुद्धा ऐकू येतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

"म्हणजे पुन्हा आगीची घंटा? माई खाऊन टाकतील तुम्हाला."

"आगीची नाही, सूनबाई." त्यांनी फडक्यानं बोटं पुसली. "मध्यभारतात राजधानी उन्हाळ्यात इंदूरला जायची. खात्यानं मलाही नेलं. आई इथे छावणीतल्या जुन्या घरी एकटीच राहायची, एरवी मी रोज जाऊन बघून यायचो. एक दिवस तिची चूल पेटलीच नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही हो. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं दार ठोठावलं तेव्हा कळलं." मग हळूच म्हणाले, "गावभर घंटा बसवल्या मी. सगळ्या आग लागली तर वाजणाऱ्या. चूल पेटली नाही तर कळेल, असं काही केलंच नाही."

मला रडू कोसळलं. ते घाबरलेच. "माईंना सांगू नका हं. म्हणतील, पहारा ठेवतो."

मी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन भोपाळची गाडी पकडली.

पौषात माईंना बघायला आले. इकडची थंडी म्हणजे हाडं फोडणारी. सकाळी मुलं कुडकुडत होती, म्हणून चहा टाकावा म्हटलं. काडेपेटी उघडली तर माईंनी मनगट धरलं.

"थांब जरा."

"माई, मुलं गारठलीत!"

"गारठू देत थोडी. मागे ताप आला म्हणून मी पडून राहिले होते, तर हा धाडधाड खाली आला. तेव्हा मला कळलं वर काय करून ठेवलंय ते. नोकरी सोडून बसलाय मेला. नई सडकेवर कुणाकडे पत्र्याची कामं करतो, डाळेमुरमुरे खातो. जेवायला ये म्हटलं तर येत नाही. बोलावून येणारा माणूस नाही तो."

इतक्यात जिना दणाणला. नरहरपंत अनवाणी, मफलर एका खांद्यावरून लोंबतोय, छाती भात्यासारखी हलतेय. "माई!"

"ओरडतोस कशाला? काड्या सादळल्यात. आलाच आहेस तर बस, चहा घे. पोहेही करते."

नरहरपंतांनी माझ्या हातातल्या काडेपेटीकडे पाहिलं. मग भिंतीला टेकून पाटावर बसले आणि अगदी गंभीरपणे मला म्हणाले, "आठवड्यातून दोनदा तरी सादळतात हो माईंच्या काड्या."

"ऋतूच तसा आहे," माई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्याच काडीला चूल पेटवली.